डोंगर फक्त श्रावणातच फुलतो? सातपुड्यात आणि पाटणादेवीत फुलांचा हंगाम होळीपासून सुरू होतो

श्रावण लागला की चाळीसगावहून पाटणादेवीकडे आणि यावलहून मनुदेवीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारसायकलींची रांग लागते. देवीचं दर्शन, धबधब्यापुढे फोटो, डब्यातली पुरी-भाजी आणि दिवेलागणीच्या आत घर. पोळा झाला की लोक कपाशी-मक्याच्या कामाला लागतात आणि डोंगर पुढच्या श्रावणापर्यंत विसरला जातो. जळगाव-धुळ्याच्या कितीतरी गावांतून सातपुड्याची किंवा सातमाळ्याची निळी रेघ रोज दिसते. तरी डोंगर पाहायचा तो पावसाळ्यातच, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

फुलांचा हिशेब मांडला तर गोष्ट जवळजवळ उलटी निघते. आपल्याकडचा डोंगर सगळ्यात जास्त रंगतो तो उन्हात. माघ संपता संपता तो पेटतो आणि वैशाखापर्यंत एकामागून एक झाड फुलत राहतं. त्या दिवसांत डोंगराकडे कुणी फिरकत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे वणवे लागतात.

कासचं गणित इथे का चालत नाही

रानफुलं म्हटलं की मोबाईलवर साताऱ्याचं कास पठार दिसतं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे जमिनीलगतच्या छोट्या रोपांचा गालिचा होतो. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, त्यांत कास आहे. तिथे धो-धो पाऊस, सपाट कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर असतो. मोठं झाड तिथे उभंच राहू शकत नाही, म्हणून राज्य छोट्या रोपांचं.

खान्देशात वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सातपुड्याचं जंगल कोरडं, पानगळीचं. साग, सालई, अंजन, पळस, मोह, धावडा ही त्यातली मुख्य झाडं. पाणी कमी झालं की ती पानं टाकून देतात, कारण पानांतून पाणी उडून जातं. पण खोडात आणि खोल मुळांत साठवलेला ओलावा शिल्लक असतो, आणि तो ती फुलांवर खर्च करतात.

त्यामागे दोन सरळ कारणं आहेत. पानं नसली की फूल लांबून दिसतं, त्यामुळे पाखरं आणि मधमाश्या बरोबर येऊन पोचतात. शिवाय फाल्गुनात फुललेल्या झाडाचं बी वैशाखापर्यंत तयार होतं, उन्हाळी वाऱ्यावर उडतं आणि मृगाच्या पहिल्या पावसाला जमिनीवर हजर असतं. शेतकरी जसा पेरणीआधी बी-बियाणं घरात आणून ठेवतो, तसाच हा बेत.

होळीच्या आधीचे पंधरा दिवस

सुरुवात काटेसावरीपासून होते. माघातच तिच्या उघड्या फांद्यांवर लाल, जाड पाकळ्यांची वाटीएवढी फुलं लागतात. खाली पडलेली फुलं हरणं आणि वानरं खातात. मग खडकाळ उतारावर गणेर फुलतो, ज्याला सोनसावरही म्हणतात. झाड वेडंवाकडं, पान एकही नाही आणि टोकाला तळहाताएवढं पिवळंधमक फूल. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कागदाचं वाटावं इतकं विजोड दिसतं. ओढ्याकाठी धायटीची लालभडक बारीक फुलं येतात. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं वापरतात.

आणि मग पळस. पळसाला पाने तीनच हे सगळ्यांना माहीत असतं, पण फाल्गुनात ती तीनही नसतात. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा वाटेवरचा पळस ऐन भरात असतो. पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबं ढोल घेऊन बाजाराला निघतात ती याच केशरी झाडांखालून. होळीच्या रंगासाठी ही फुलं रात्रभर पाण्यात भिजवतात किंवा उकळतात, त्यातून पिवळा-केशरी रंग उतरतो. कातडीला त्याचा त्रास नाही.

पळसाच्या फुलाला वास नसतो. ते किड्यांसाठी नाही, पाखरांसाठी घडलेलं आहे. तळाशी मध असतो आणि तो काढताना पाखराच्या डोक्याला पराग लागतात. सकाळी सातच्या सुमाराला एका पळसाखाली अर्धा तास शांत बसलं तर शिंजीर, साळुंकी, कोतवाल, बुलबुल असा सगळा बाजार तिथेच दिसतो. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची भोरडी थव्यानं येते. तिचं दुसरं नावच पळसमैना. ज्वारीच्या शेतातून हिला हाकलावं लागतं म्हणून शेतकऱ्याला ती नकोशी वाटते. पण हिवाळ्याला आलेली ही पाहुणी पळसाचा मध पिऊन परत निघते ती थेट मध्य आशियाकडे, अंडी घालायला.

पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन असतं अशा अफवा अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरतात. फुलाचा रंग क्वचित पांढरा निघतो, जसा एखादा मोर पांढरा निघतो. बाकी त्याच्या मुळाशी मातीच असते. अशा अफवेपायी चांगली झाडं खणून मारली जातात.

मोहाची पहाट आणि वणवा

मोहाचं फूल बाकी फुलांसारखं बघायला जायचं नाही, कारण ते रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. फाल्गुन-चैत्रात उजाडायच्या आत सातपुड्यातल्या पाड्यांवरची बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. फिकट पिवळं, रसाळ, द्राक्षासारखं फूल. त्यात साखर भरपूर, त्यामुळे ते वाळवून वर्षभर ठेवता येतं. ते खातात, विकतात, दारू गाळतात. पुढे फळांच्या बियांतून तेल निघतं. रात्री या फुलांवर वटवाघळं येतात आणि परागीकरण बरंचसं त्यांच्याकडून होतं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे पाड्यावर ठरलेलं असतं. म्हणून फिरायला गेलेल्यानं रानात पडलेलं आहे म्हणून पिशवी भरून घेणं बरोबर नाही. ते कुणाच्या तरी घरचं धान्य असतं. वनहक्क कायदा, २००६ नं गौण वनउपजावरचा हा हक्क कायद्यानंही मान्य केलेला आहे.

आता वणव्याकडे वळू. झाडाखाली वाळलेल्या पानांचा थर असला की त्यात पडलेली फुलं दिसत नाहीत. म्हणून हंगामाच्या आधी खालचा पाला पेटवून जागा मोकळी करायची जुनी पद्धत आहे. काही ठिकाणी तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, तर काही ठिकाणी गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून आग लावतात. पण दरवेळी आदिवासींकडे बोट दाखवणं हे गावात बसून काढलेलं सोपं उत्तर आहे. घाटरस्त्यावर गाडीतून फेकलेली विडी, पार्टीनंतर न विझवलेली चूल, बांध जाळताना डोंगराकडे सरकलेली आग, या सगळ्यांचा त्यात हात असतो. मार्चच्या वाऱ्यात एका झाडाखालची आग दुपारपर्यंत सगळ्या उतारावर पसरते.

जुना पळस किंवा मोह अशा आगीत सहसा मरत नाही, त्याची साल जाड असते. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा फुललेला पाहून लोकांना वाटतं, काही नुकसान झालंच नाही. मरतात ती गुडघ्याएवढी रोपं. अंजनाचं, सालईचं, चारोळीचं. रातवा आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात, ती भाजून निघतात. मोठं झाड उभंच राहतं, पण त्याच्यामागून येणारी पिढी नाहीशी होते. जंगल म्हातारं होत जातं आणि ते बाहेरून कळत नाही.

यात केळीवाल्यांचंही नुकसान आहे. रावेर, यावल, चोपड्याच्या विहिरींना पाणी येतं त्यातलं बरंचसं सातपुड्याच्या पायथ्याशी मुरतं. डोंगरातून उतरलेले नाले पायथ्याच्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात शिरतात आणि तिथेच जमिनीत गडप होतात. भूजलवाले याला बझाडा पट्टा म्हणतात. वर उतारावर पाल्याचा थर असेल तर पाऊस हळू उतरतो आणि पाणी मुरायला वेळ मिळतो. थर जळलेला असेल तर जूनचा पहिला मोठा पाऊस माती घेऊन एकदम खाली येतो. हा गाळ त्या गोट्यांच्या फटी बुजवतो. बोअरची खोली दरवर्षी वाढत चालल्याची तक्रार गावोगाव असते, पण तिचा होळीच्या दिवसांतल्या धुराशी संबंध कुणी जोडत नाही.

मोहासाठी आग लावायलाच हवी असंही नाही. झाडाखालचा पाला खराट्यानं लोटून कडेला काढला, किंवा खाली जुन्या साड्या, जाळी अंथरली तरी काम होतं. उलट फुलाला माती आणि राख लागत नाही, त्यामुळे माल स्वच्छ मिळतो. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्टे आधीच साफ करून ठेवतं. पण एवढ्या मोठ्या डोंगराला त्या पुरत नाहीत. फिरताना धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं. सातपुड्यात आत गेलं की मोबाईलला रेंज नसते, म्हणून जिथे सुटते ती जागा जातानाच ध्यानात ठेवावी.

चैत्र-वैशाख: पहाटे निघायचं, नऊला परतायचं

चैत्रात खान्देशातून हजारो माणसं सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. रस्ता तापलेला, पायात फोड आणि डोक्यावर रुमाल. ऊन आहे म्हणून चालणं थांबत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त चालायची वेळ बदलते. डोंगराचंही तेच. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत साडेपाचला निघून नऊपर्यंत सावलीत परत यावं. माणशी निदान तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा मीठ-साखरेचं पाणी बरोबर असावं. दुपारी डोंगर चढण्यात शौर्य नाही, उष्माघात आहे.

या दिवसांत बहावा फुलतो. पिवळे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. आखाजीला झोके बांधायला मुली झाडं शोधतात तेव्हा आसपास कुठेतरी बहावा हमखास भरात असतो. बहावा फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो असं जुनी माणसं मानतात. त्याला हवामानशास्त्राचा आधार शोधत बसण्यापेक्षा एक वही घालावी. आपल्या शिवारातला एक बहावा निवडून दरवर्षी पहिलं फूल कधी आलं आणि पहिला पेरणीजोगा पाऊस कधी पडला हे लिहून ठेवलं, तर दहा वर्षांत गावाला स्वतःचंच उत्तर मिळेल.

मेढशिंगीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तिची पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि सकाळी जमिनीवर पडलेली सापडतात. शेंगा एडक्याच्या शिंगासारख्या वळलेल्या, त्यावरून हे नाव. वैशाखाच्या शेवटाला पांढरा कुडा फुलायला लागतो आणि तो पावसाचं स्वागत करूनच थांबतो.

पावसाळा: खाली बघून चालायचे दिवस

पहिला पाऊस पडला की नजर वरून खाली आणावी लागते. झाडं आता पानांच्या कामाला लागलेली असतात आणि फुलायची पाळी कंदांची येते. वर्षाचे आठ महिने जे जमिनीखाली झोपलेलं होतं ते पंधरा दिवसांत पान काढतं, फुलतं आणि बी टाकून मोकळं होतं. पांढऱ्या मुसळीची चांदण्यांसारखी फुलं जुलैत गवतातून डोकावतात. तिच्या मुळांना बाजारात भाव आहे, म्हणून बी पडायच्या आधीच ती खणून नेतात आणि ज्या उतारावर असं दोन-तीन वर्षं चालतं तिथे ती संपते. शेतात लावलेली मुसळी विकणं वेगळं, रानातली उपसणं वेगळं.

कटुर्ल्याचा वेल याच दिवसांत कुंपणावर चढतो. त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नर वेलाला फळ येत नाही म्हणून तो उपटून टाकला तर शेजारच्या मादी वेलालाही फळ धरत नाही.

सगळ्यात देखणी आणि सगळ्यात धोक्याची ती कळलावी. काही भागात हिला वाघनखी म्हणतात. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लाल, जणू पेटलेली चूल. पानाचं टोकच दोरीसारखं वळतं आणि त्यानं वेल आधार धरतो. तमिळनाडूचं हे राज्यफूल. तिथे बियांसाठी त्याची शेतीही होते, कारण त्यातल्या कोल्चिसिनपासून गाउट या सांधेदुखीचं औषध बनतं. पण हेच द्रव्य विषही आहे. वेलाचा प्रत्येक भाग विषारी आणि कंद सर्वांत जास्त. रानात कंद उकरून खायची सवय असलेल्या मुलांना हा वेल आधी ओळखायला शिकवावा. चुकून कुणी खाल्लाच तर मीठ-पाणी, ताक, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा. उलट्या-जुलाब थांबले म्हणजे सुटलो असं नसतं, या विषाचा खरा त्रास एक-दोन दिवसांनी दिसतो.

श्रावण-भाद्रपदात वाटेच्या कडेनं तेरडा गुलाबी होतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्याची खरी करामत बोंडात आहे. पिकलेलं बोंड बोटानं दाबलं की फटकन फुटतं आणि बी हातभर लांब उडतं. लहान मुलांना डोंगराची गोडी लावायला याहून सोपा उपाय नाही.

या दिवसांत जायचं कुठे? धुळेकरांना लळिंग जवळ. मुंबई-आग्रा महामार्गालगत, शहरापासून साधारण १० किलोमीटरवर. किल्ल्याच्या आसपासचं कुरण पावसात हिरवंगार होतं. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या लांडोर बंगल्यात राहिले होते, त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला मोठा जनसमुदाय येतो. चालायला आणि फुलं पाहायला निवांतपणा हवा असेल तर तो दिवस टाळावा. इतिहासासाठी जायचं असेल तर मात्र तोच दिवस धरावा.

जळगावकरांसाठी पाटणादेवी. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटर. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, जे १९८६ साली जाहीर झालं आणि साधारण २६० चौरस किलोमीटरचं आहे. चंडिकादेवीचं देऊळ, केदारकुंड, धवलतीर्थ आणि वर चढून गेलं की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं इथे मठ काढला, तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख पाटण्यात आहे. लेण्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असू शकतात. तिथे धूर करू नये, फटाके-आरडाओरडा करू नये, अत्तर लावून जाऊ नये.

पाण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगावी लागेल. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगाव तालुक्यात रात्रीतून झालेल्या पावसानं तितूर आणि डोंगरी नद्यांना महापूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. डोंगरी नदी याच डोंगरांतून येते. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वर पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की चपला शोधत न बसता आधी उंच जागा गाठायची. कुंडात उतरून फोटो काढणं तर नकोच.

गवतालाही फूल असतं

गुलाबाईची गाणी संपून कोजागिरी होते तोवर डोंगर सोनेरी झालेला असतो. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे बांधाबांधावर, तरोटा पिवळा पडलेला. लोक म्हणतात आता काय राहिलं, वाळलं सगळं. पण दिवाळीच्या आसपास डोंगरउतारावर रोशा गवत तुऱ्यावर येतं. एक पान चुरगाळून नाकाशी धरलं तर गुलाबासारखा वास येतो.

या वासावर एके काळी खान्देशचा मोठा धंदा चालायचा. इंग्रज अमदानीत आताच्या धुळे-नंदुरबारच्या डोंगराळ भागात रोशाच्या भट्ट्या लागायच्या. मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी उकळायचं, वाफ नळीतून थंड भांड्यात न्यायची आणि वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. ते मुंबईहून जहाजानं तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. युरोपात लोक ते तुर्की तेल समजायचे, माल होता खान्देशचा. कोरड्या उतारावरच्या चांगल्या जातीला मोतिया म्हणतात. पामरोजा या नावानं आजही त्याची शेती होते, साबण आणि अत्तरात तेल जातं. गावच्या डोंगरावर ते अजून उगवतं, ओळखणारे मात्र कमी झाले.

त्याच गवतात कुसळीही असते. कुसळाची शेपटी दमट हवेत पीळ सोडते आणि कोरड्या हवेत पुन्हा घेते. या पिळानंच ते स्वतःला जमिनीत रोवतं, आणि पायमोजा मिळाला तर पायमोज्यात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाड, गुळगुळीत कापडाची पँट घालावी.

थंडी: पानगळ आणि एक हरवलेलं पाखरू

दिवाळीत नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंभ्याच्या शिखरावर यात्रा भरते. सातपुड्यातलं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३२५ मीटर. लोक रात्रभर चढतात. ट्रेकिंग हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

थंडीत फुलं कमी, पण चालायला याहून चांगले दिवस नाहीत. अंजन ओळखायचा तो आताच. पानाची दोन दलं बुडाशी जोडलेली, बकरीच्या खुरासारखी. जिथे नुसता खडक आहे तिथे हे झाड उभं राहतं आणि दुष्काळात गुरांना चाराही देतं. यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला चालताना झाडी विरळ झालेली असते, त्यामुळे पाखरं स्पष्ट दिसतात. हे अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १७६ चौरस किलोमीटर. शिरपूरकरांना अनेर धरणाचं अभयारण्य जवळ पडतं.

याच सातपुड्यात रानपिंगळा सापडला. १८७३ साली या छोट्या घुबडाची शास्त्रीय नोंद झाली आणि १८८४ नंतर ते कुणालाच मिळालं नाही. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत ते मिळवल्याचा दावा केला होता. नंतर उघड झालं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, आणि त्या खोट्या पत्त्यामुळे शोध भलतीकडेच चालला होता. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने खरे पत्ते धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. पुढे यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली.

गावात विजेच्या तारेवर बसणारा साधा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं करडं-तपकिरी. शिवाय रानपिंगळा दिवसा शिकार करतो. डिसेंबरच्या सकाळी उन्हाला सागाच्या उघड्या फांदीवर बसतो आणि सावज दिसलं की शेपटी इकडून तिकडे हलवतो. तो घरटं करतो जुन्या झाडांच्या ढोलीत, म्हणजे जी झाडं वाळकी म्हणून सरपणाला आधी तुटतात त्यांत.

अभयारण्यात जायचं तर नाक्यावर नोंद करून, ठरलेलं शुल्क भरून दिवसाउजेडीच जावं, आणि शक्य असेल तिथे पाड्यावरचा एखादा माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा. त्याला मजुरी मिळते आणि झाडांची नावं त्यालाच ठाऊक असतात. अभयारण्यातून फूल, रोप, कंद काहीही आणता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. फोटो काढताना फुलाबरोबर पान, खोड आणि मिळालं तर फळ यांचाही एकेक फोटो घ्यावा. नुसत्या फुलावरून ओळख पटवणं जाणकारालाही अवघड जातं. मुसळीसारख्या विकल्या जाणाऱ्या कंदाचा किंवा रानपिंगळ्याच्या ढोलीचा फोटो टाकला तर गावाचं नाव आणि लोकेशन टाकू नये.